यंत्राशी केलेली सल्लामसलत

आमच्या फुलंब्रीस मक्याचा हंगाम उतरला म्हणजे बाजारात दोनच विषय कानी पडतात, एक भाव आणि दुसरा ओलावा. मध्यंतरी एके सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी याच ओलाव्याच्या भांडणाचे कागद घेऊन घरी आला. तो आता एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. कंपनीने एका व्यापाऱ्यास मका विकला होता. मालात ठरल्यापेक्षा ओलावा अधिक निघाला म्हणून व्यापाऱ्याने वकिलामार्फत नोटीस धाडली होती. तिचे उत्तर या गृहस्थाने मोबाइलवरील संभाषणयंत्रास, म्हणजे सर्वजण ज्याला चॅटबॉट म्हणतात त्यास, विचारून तयार केले होते. "गुरुजी, शुद्धलेखन तेवढे पाहून द्या," एवढीच त्याची विनंती.

शुद्धलेखनात दोष काढण्यास जागा नव्हती. भाषा भारदस्त होती, आणि उत्तराच्या पुष्ट्यर्थ उच्च न्यायालयाचे दोन निवाडे पक्षकारांच्या नावांसह दिलेले होते. त्यांतील एक औरंगाबाद खंडपीठाचा, १९७४ सालचा, असे लिहिले होते. मी इतिहास शिकवीत आलो, तेव्हा सनावळीत चूक असली की ती मला खड्यासारखी टोचते. औरंगाबाद येथील खंडपीठाचे काम १९८१ साली सुरू झाले; त्याने सात वर्षे आधी निवाडा दिला कसा? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे छत्रपती संभाजीनगरास एका परिचित वकिलांकडे गेलो. तासाभराच्या शोधानंतर त्यांनी सांगितले की, दोन्ही निवाडे अस्तित्वातच नाहीत. तथापि वकीलसाहेबांना त्याहून अधिक चिंता वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ती मी शेवटी सांगेन. कारण ती नीट उमजण्यासाठी सल्ला देणाऱ्या माणसाचा आपल्याकडील इतिहास थोडा पाहावा लागतो.

आमच्या घरी एक जुना अर्ज जपून ठेवलेला आहे. निजामी अमदानीत कचेरीची भाषा उर्दू, आणि आमच्या भागातील कुणब्यास मराठीही जेमतेम वाचता येई. त्यामुळे तहसिलीच्या ओट्यावर बसणारा अर्जनवीस हाच त्याचा कायदा, आणि तोच त्याचा वकील. माझे वडील सांगत की, हा अर्जनवीस पुष्कळदा अर्धवट ज्ञानाचा असे, पैसेही अवाच्या सवा घेई. परंतु त्या अर्जाच्या तळाशी मजकूर लिहिणाराचे म्हणून त्याचे नाव आहे. अर्ज चुकला तर आजोबा दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर जाऊन त्याला जाब विचारू शकत होते, आणि एकदा त्यांनी तो विचारलाही होता.

इंग्रजी मुलुखात हा संबंध अधिक बांधेसूद झाला. १८७२ सालचा पुराव्याचा कायदा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. त्याची १२६ ते १२९ ही कलमे पक्षकार आणि वकील यांच्या गुप्त बोलण्याविषयी आहेत. पक्षकाराने आपल्या कामासाठी वकिलास जे सांगितले व वकिलाने त्यावर जो सल्ला दिला, तो पक्षकाराच्या संमतीवाचून वकिलास उघड करता येणार नाही, हा त्यांचा गाभा. १२७ व्या कलमात तर वकिलाचा कारकून, नोकर आणि दुभाषी यांनाही हेच बंधन घातले आहे. कायदा करणाराने किती बारकाईने विचार केला पाहा! मनुष्य आपल्या वकिलाशी दुभाष्यामार्फत बोलला तरी त्याचे गुपित फुटू नये, अशी ही योजना. मात्र हे संरक्षण सरसकट नव्हते. बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी केलेली सल्लामसलत त्यातून प्रथमपासूनच वगळलेली होती. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि हीच तत्त्वे त्याच्या १३२ ते १३४ या कलमांत उतरली.

वकिलावर केवळ मौनाचेच बंधन आहे असे नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने त्याचे नाव राज्याच्या वकील परिषदेच्या पटावर चढते, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ३५ व्या कलमान्वये त्याला ताकीद देता येते, काही काळ बंदी घालता येते किंवा ते नाव पटावरून काढूनही टाकता येते. म्हणजे अर्जनवीसाच्या ओट्यावर जे आजोबांच्या आवाजाच्या जोरावर चाले, त्याला येथे कायद्याचे रूप मिळाले.

हे संरक्षण किती अरुंद आहे हे मात्र व्यापारी मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स धाडण्याच्या प्रश्नावर निर्णय दिला. त्यात असेही ठरले की, कंपनीच्या पगारावर असलेला कायदा अधिकारी हा स्वतंत्रपणे वकिली करणारा नसल्यामुळे १३२ व्या कलमाचे संरक्षण त्याला लागू होत नाही. कायद्याची पदवी घेतलेला, कंपनीच्याच कचेरीत बसणारा, हाडामांसाचा मनुष्य. त्याच्याशी केलेले बोलणेही जर त्या कुंपणाबाहेर राहते, तर परदेशी कंपनीच्या यंत्राशी केलेले बोलणे आत कोठून यावे?

लिहिलेला कागद पुढे कोणाच्या हातात पडेल हे लिहिताना कळत नाही, याचे मोठे उदाहरण आमच्या औरंगाबादेशीच निगडित आहे. पुण्याचे बाबा महाराज पंडित १८९७ साली पटकीने वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळक हे विश्वस्तांपैकी एक होते. १९०१ च्या जून महिन्यात बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांना घेऊन टिळक आणि इतर मंडळी औरंगाबादेस आली, व तेथील पंडित घराण्याच्या शाखेतील जगन्नाथ नावाच्या मुलास दत्तक घेण्यात आले. पुढे बेबनाव झाला, ताई महाराजांनी कोल्हापूरकडील दुसऱ्या मुलाचे दत्तक केले, आणि त्यातून जो खटला उभा राहिला तो तुम्हांस ठाऊक आहे. पण एक तपशील क्वचितच सांगितला जातो. टिळकांवर जे फौजदारी आरोप ठेवण्यात आले, त्यांत औरंगाबादच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात मागाहून नोंदी घातल्याचाही एक आरोप होता. प्रवासखर्चाचा हिशेब! ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. दत्तकाचा दिवाणी दावा तर १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात टिळकांच्या बाजूने निकाली निघाला. मुलांना कायदा शिकविलेला, स्वतः कायद्याचा पदवीधर असा तो पुरुष. त्यालाही बाजारखर्चाच्या चार ओळींसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

आता आजच्या यंत्राकडे वळू. ते कसे चालते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर त्याच्या चुकीला आपण लबाडी समजू. अफाट लेखन वाचवून या यंत्राला शब्दांच्या जोडणीचा सराव दिलेला असतो. एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अदमास घेत ते वाक्य पुरे करते. निवाड्यांची नोंदवही उघडून पाहावी तसे ते दर वेळी पाहतेच असे नाही. अमुक विरुद्ध तमुक, अमुक साल, अमुक पान, या घाटाची नावे त्याने हजारो वाचलेली असतात. तशाच घाटाचे एखादे नवे नाव ते सहज घडविते. शिवाय विचारणाऱ्याला रुचेल असे बोलण्याकडे त्याचा कल असतो. दरबारी भाटांचा हा गुण इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना जून २०२३ मध्ये असे सहा खोटे निवाडे न्यायालयात दाखल केल्याबद्दल पाच हजार डॉलर दंड झाला, तेव्हा आपल्याकडील पुष्कळांनी ती तिकडची गंमत म्हणून वाचली. परंतु ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ती गंमत मुंबई उच्च न्यायालयात येऊन पोहोचली. केएमजी वायर्स या कंपनीने आपले उत्पन्न ३ कोटी ९ लाख रुपये दाखविले असता आयकर खात्याच्या दिल्ली येथील राष्ट्रीय केंद्राने ते २७ कोटी ९१ लाख ठरविले, आणि त्या आकारणीला आधार म्हणून तीन निवाडे दिले. कंपनीने शोध घेतला तो तिन्ही निवाडे कोठेच नाहीत. न्यायमूर्ती कोलाबावाला आणि जामसंडेकर यांनी ती आकारणी रद्द करून प्रकरण नव्याने चौकशीसाठी परत धाडले, आणि अर्धन्यायिक काम करणाऱ्या अधिकाऱ्याने यंत्राने पुढे टाकलेल्या गोष्टींवर पडताळा न घेता विसंबू नये, असे बजावले. येथे चूक सरकारी अधिकाऱ्याची होती आणि भोगावे लागले व्यापाऱ्याला.

तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२६ मध्ये, पारडे फिरले. त्याच न्यायालयात एका मनोरंजन कंपनीचा संचालक सदनिकेच्या वादात वकिलावाचून स्वतः बाजू मांडीत होता. त्याने दिलेल्या लेखी युक्तिवादात एक निवाडा असा होता की, न्यायालयाने व न्यायालयाच्या साहाय्यकांनी पुष्कळ शोधूनही तो सापडेना. युक्तिवादाची मांडणी, त्यातील चौकटीतल्या बरोबरच्या खुणा, यांवरूनच तो यंत्राने लिहिला हे ओळखू आले. न्यायमूर्ती साठये यांनी कंपनीवर पन्नास हजार रुपये खर्च बसविला. न्यायालयाचा वेळ वाया घालविणे हा त्यातील मुख्य आक्षेप होता. यंत्राचा उपयोग केला हा नव्हे. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

खोटे निवाडे ही बाब त्यातल्या त्यात साधी. शोधले की ती सापडते, दंड भरला की मिटते. खरे संकट निराळे आहे, आणि त्याचे दोन दाखले याच वर्षी अमेरिकेत मिळाले.

पहिला न्यूयॉर्कचा. वित्तव्यवहारातील एका मोठ्या अधिकाऱ्यावर फसवणुकीचा आरोप होता. आपल्यावर चौकशी चालू आहे हे कळल्यावर त्याने, वकिलाने सांगितले नसताना, अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड नावाच्या संभाषणयंत्रापाशी बसून आपल्या बचावाची तीसेक टिपणे तयार केली, आणि मागाहून ती वकिलाकडे दिली. झडतीत ती सरकारच्या हाती लागली. वकील म्हणाले, ही गुप्त सल्लामसलत आहे. न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी फेब्रुवारी २०२६ मध्ये ते अमान्य केले. हे यंत्र वकील नाही. त्याच्या कंपनीच्या अटींतच मजकूर ठेवून घेण्याची व प्रसंगी सरकारला देण्याची मुभा आहे, तेव्हा गुप्ततेची अपेक्षाही धरता येत नाही. आणि जो कागद जन्मतः गुप्त नव्हता तो वकिलाच्या टेबलावर ठेवल्याने गुप्त होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वकिलानेच आपल्या कामासाठी ते यंत्र वापरावयास सांगितले असते तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती, असेही त्यांनी सुचविले. तो निर्णय वाचताना मला आपल्या १८७२ च्या कायद्यातील दुभाषी आठवला. वकिलाच्या बाजूने बसलेला दुभाषी कुंपणाच्या आत असतो. रस्त्यावर भेटलेला वाटसरू, तो कितीही भाषा जाणत असला तरी, बाहेर.

दुसरा दाखला डेलावेअर संस्थानचा. क्राफ्टन ही दक्षिण कोरियाची खेळ तयार करणारी कंपनी. तिने २०२१ मध्ये अननोन वर्ल्ड्स ही कंपनी पन्नास कोटी डॉलरला घेतली आणि विक्री चांगली झाल्यास आणखी पंचवीस कोटींपर्यंत देण्याचे कबूल केले. विक्री चांगली होणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा क्राफ्टनच्या मुख्याधिकाऱ्यास तो करार जड वाटू लागला. संस्थापकांना कारणावाचून काढले तरी पैसे चुकणार नाहीत, उलट दावा अंगावर येईल, असे त्याच्याच कंपनीतील अधिकाऱ्याने त्याला सांगितले होते. तेव्हा त्याने चॅटजीपीटीला विचारले. यंत्रानेही आधी, हे कठीण आहे, असेच उत्तर दिले. परंतु आग्रह धरल्यावर क्रमाक्रमाने डावपेच लिहून दिले. जुलै २०२५ मध्ये त्या मंडळींना काढण्यात आले. मार्च २०२६ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने ते काढणे कराराचा भंग ठरविले व मुख्याधिकाऱ्यास परत कामावर घेण्याचा हुकूम दिला. त्या खटल्यात कंपनीने सांगितलेली कारणे एकीकडे होती, आणि तिच्या मुख्याधिकाऱ्याने यंत्राला खरोखर काय विचारले ते दुसरीकडे. मनुष्य लोकांना काय सांगतो ते पत्रात लिहितो. आपल्याला काय हवे ते मात्र या यंत्राला सांगतो. प्रतिपक्षाच्या वकिलाला याहून मोलाचा कागद कोणता मिळावयाचा?

आणि एवढे होऊन यंत्रावर जबाबदारी ढकलता येईल काय? कॅनडात एका विमान कंपनीने तो प्रयत्न करून पाहिला. तिच्या संकेतस्थळावरील संभाषणयंत्राने एका प्रवाशास भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. कंपनीचे म्हणणे असे की, यंत्र हे स्वतंत्र असून आपल्या बोलण्यास तेच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने ते फेटाळून कंपनीसच पैसे भरावयास लावले. आपल्याकडे तर कायद्याचे शब्दच स्पष्ट आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमाप्रमाणे संचालकाने योग्य काळजी, कौशल्य आणि तत्परता दाखवून स्वतःच्या स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावयाचा असतो. ते न केल्यास एक लाखापासून पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. सुप्रीम बँकेच्या अवसायनाच्या प्रकरणात १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वरवर पाहणाऱ्यालाही जे दिसले असते त्याकडे संचालकाने डोळे मिटून घेतले तर त्याची सुटका नाही.

कोणी म्हणेल, हे सारे मुंबईच्या आणि परदेशच्या धनिकांचे. परंतु २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे प्रकरण घातले गेले, आणि दहा शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू लागले; तिला निदान पाच संचालक लागतात. तेव्हापासून ज्याच्या पायाला अजून शेताची माती लागलेली आहे असा मनुष्यही कायद्याच्या दृष्टीने संचालक झाला. मुंबईच्या संचालकापाशी निदान वकिलांची फौज असते. आमच्या तालुक्यातील संचालकापाशी असतो मोबाइल. वकिलाची फी परवडत नाही, वेळ रात्री दहाची, आणि यंत्र मराठीत, गोड, फुकट उत्तर देते. त्याने ते वापरू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? नोटिशीतील अवघड शब्दांचा अर्थ कळावा म्हणून, वकिलाला काय विचारावे याची तयारी म्हणून, ते उपयोगी आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या आजोबांना ते मिळते तर अर्जनवीसाचे चार पैसे वाचले असते.

आता राहिली ती वकीलसाहेबांची चिंता. खोट्या निवाड्यांवर रेघ मारून झाल्यावर त्यांनी माझ्या विद्यार्थ्यास विचारले, "उत्तर लिहून घेताना यंत्राला काय काय सांगितलेत?" त्याने मोबाइल पुढे केला. संभाषण लांबलचक होते. आरंभीच त्याने लिहिले होते की, माल भरण्यापूर्वी आपल्या यंत्रावर ओलावा अधिक दिसला होता, पाऊस येईल म्हणून घाईने गाड्या भरल्या, आणि आता ही गोष्ट न सांगता उत्तर कसे द्यावे. प्रामाणिक मनुष्य तो. जे मला सांगितले नव्हते ते त्याने यंत्राला सांगितले होते. वकीलसाहेब बराच वेळ ते वाचीत राहिले. हेच तुम्ही प्रथम माझ्या खोलीत येऊन सांगितले असते तर ते माझ्यापाशी राहिले असते, आणि कदाचित सामोपचाराने मिटविण्याचा सल्ला मी त्याच दिवशी दिला असता, असे ते म्हणाले.

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. त्याने हळूच विचारले, "मग हे पुसून टाकू का?"

"मुळीच नाही," वकीलसाहेब म्हणाले. न्यायालयापुढे हजर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो पुढे येऊ नये या हेतूने नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले, आणि कपाटातून कोरा कागद काढून व्यापाऱ्यास धाडावयाच्या उत्तराचा मसुदा ते स्वतः लिहू लागले. त्यात ओलाव्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात होती. परतीच्या बसमध्ये फुलंब्री येईपर्यंत माझा विद्यार्थी मोबाइल पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.